झुलेइदेच्या जिभेचा अर्थ

३ सप्टेंबर, मंगळवार

ही वही मापांची. पुढच्या बाजूला गावातल्या बायकांची छाती, कंबर, बाही. मागच्या बाजूला आजपासून हे. शिवणयंत्राच्या खणात ठेवणार आहे. तिथे सुयांच्या भीतीनं कोणी हात घालत नाही.

आज दुपारी पास्टर एलिएझेर स्वतः घरी आले. दोनदा कॉफी घेतली, "नको नको" म्हणत टॅपिओकाची पोळी खोबऱ्यासकट संपवली आणि मग मुद्द्यावर आले.

"सिस्टर दाल्वा, अकरा महिने झाले. मंडळी कोरडी पडलीय. ऑक्टोबरात महिला प्रार्थना मंडळाला तीस वर्षं होतात, राजधानीहून मोठे पास्टर यायचेत, आणि आपल्याकडे संदेश म्हणून नाही. तुम्ही पुन्हा अर्थ सांगायला उभ्या राहा."

आमच्याकडे नियम पक्का आहे. आत्मा उतरून कोणी अन्यभाषेत, म्हणजे कोणालाच न कळणाऱ्या शब्दांत, बोलायला लागलं की तिचा अर्थ सांगणारं माणूस हवं. नसेल तर बोलणाऱ्यानं जीभ आवरून खाली बसायचं. बायबलात पौलानं तसं लिहून ठेवलंय आणि पास्टरांनी ते वेदीमागच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवून घेतलंय. अन्यभाषेचं दान झुलेइदेला, अर्थ सांगायचं दान मला. बावीस वर्षं आम्ही दोघी एका जोखडाला जुंपलेल्या होतो.

"झुलेइदेचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"त्या म्हणतात, दाल्वा उभी राहिली तरच मी."

मी म्हणाले, प्रार्थना करून सांगते. कसली प्रार्थना! ते कोपऱ्यावरून वळले तशी मी दार लावलं आणि एकटीच हसत बसले. अकरा महिने मी देवाकडे सूड मागत होते. तो पास्टरांच्या हाती पाठवील असं वाटलं नव्हतं.

४ सप्टेंबर, बुधवार

काय झालं ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे हात डळमळणार नाही.

गेल्या ऑक्टोबरचा पहिला रविवार. तेव्हाही हेच मोठे पास्टर आलेले. झुलेइदे पुढे गेली, डोळे मिटले, भरभर बोलायला लागली. मी तिच्या शेजारी उभी राहून अर्थ सांगितला: "माझ्या गाणाऱ्या मुलींत एक पात्र तडकलं आहे. संध्याकाळी ते नदीवर जातं आणि घाण भरून आणतं."

गाणाऱ्या मुली सहा. माझी केझिया त्यांत, एकोणीस वर्षांची, सगळ्यांत वरचा सूर तिचा. पास्टरांनी विचारलं, कोण जातं नदीवर? केझिया आपणहून उभी राहिली. "मी जाते. पण मी काही पाप केलेलं नाही." मग कशाला जातेस, असं विचारल्यावर तोंड उघडेना. झुलेइदेकडे तिनं पाहिलंही नाही. माझ्याकडे बघत राहिली. आई म्हणून मी मध्ये पडावं असं तिला वाटलं असेल. पण मी काय करणार? मी नळ. पाणी खारट आलं तर दोष विहिरीचा, नळाचा नव्हे.

तिला सहा महिने शिस्त लागली. गाणं बंद, प्रभुभोजन बंद, बसायचं शेवटच्या बाकावर. तिसऱ्या आठवड्यात गावानं तिला गरोदर केलं. पाचव्या आठवड्यात ती बसमध्ये बसून राजधानीत, सांव लुईसला, निघून गेली. तिथे एका म्हातारीची देखभाल करते, एवढं इकडून तिकडून कळलं. मी रोज निरोप पाठवते. दोन निळ्या खुणा उमटतात, उत्तर नाही. आणि तिला मूलबीळ काही झालं नाही, हे आता गावालाही दिसलं. कोणी एका शब्दानं माफी मागितली नाही.

नदीची गोष्ट फक्त मला ठाऊक होती. आदल्या शनिवारी तिच्या परकराचा काठ ओला पाहिला होता मी. राग आला होता, कारण तिचा बाप याच नदीवरून बोटीत बसून दुसरीबरोबर गेला. पण मी ते कोणापाशी बोलले नव्हते. म्हणजे झुलेइदेनं पोरीवर पाळत ठेवली आणि देवाच्या नावावर खपवलं. दुसरं काय असणार?

पास्टरांना उद्या होकार कळवते. ती बोलेल आणि अर्थ मी सांगेन. मला हवा तो.

१० सप्टेंबर, मंगळवार

वर्धापनाचे झगे मलाच शिवायचेत. बेचाळीस बायका, सगळ्यांचा एकच फिका जांभळा. आज झुलेइदे मापाला आली.

जुनं पान काढून ताडून पाहिलं. कंबर नऊ सेंटिमीटर कमी, दंड तर काटकीसारखा. गुडघे तिचे आधीच गेलेले. टेकडीवरच्या घरातून चर्चपर्यंत यायला तिला अर्धा तास लागतो. खाई त्याला खवखवे, मी मनात म्हटलं, आणि फीत जरा जोरात आवळली.

"दाल्वा, अगं, पुन्हा येईल का मला?" ती खाली बघत म्हणाली.

"काय येईल?"

"जीभ. त्या रविवारनंतर एक शब्द आला नाही. घरी गुडघ्यांवर बसते, तोंड उघडते, नुसती जांभई येते."

"देवाला ठाऊक," मी म्हणाले.

"केझियाचा काही निरोप?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. मी मान हलवली. ती जाताना माझ्या दारात उगाच थोडा वेळ उभी राहिली, काहीतरी बोलणार असल्यासारखी. मी मशीन सुरू केलं. मग गेली.

तिच्या झग्याच्या काखा मी दोन बोटं आत घेऊन कापल्या. वर कर म्हणावं आता हात देवाकडे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आली! दुपारच्या प्रार्थना मंडळात झुलेइदेची जीभ मोकळी झाली. आधी अडखळत, मग पुरात लाकडं वाहावीत तसे शब्द. बायका रडायला लागल्या. पास्टरांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

मोठा घाव एकदम घालायचा नाही, आधी धार तपासायची, असं ठरवलंच होतं. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "माझी दासी, तुला एका गोष्टीची माझ्यापेक्षा जास्त ओढ आहे, परमेश्वर म्हणतो. एकवीस दिवस तू कॉफीला शिवणार नाहीस."

झुलेइदे! जी सकाळी कॉफी झाल्याशिवाय देवालाही 'शांती असो' म्हणत नाही! तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मान झुकवली. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, प्रभू."

नंतर बाहेर किटली फिरली. ती मंडळातल्या नेउझाच्या कपाशी नाक नेऊन नुसती वाफ हुंगत उभी राहिली. मी दोन कप प्याले, तिच्यासमोर, सावकाश.

एक गंमत लिहून ठेवते. खोटं बोलताना घाम फुटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पोटातून ऊब वर आली, गुडघे थरथरले, शब्द आपोआप जिभेवर आले, अगदी नेहमीसारखे. नाटक मला चांगलं जमतं म्हणायचं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज संदेश असा: "माझ्या घराची फरशी तू एकटीनं धुवावीस, गुडघ्यांवर बसून, दर शनिवारी."

पास्टरसुद्धा चपापले. "सिस्टर, त्यांचे गुडघे..."

"अर्थ मी करत नाही, पास्टर, मी फक्त सांगते," मी म्हणाले. माझाच आवाज ऐकून मला बरं वाटलं.

झुलेइदे म्हणाली, "देवाला माझे गुडघे माहीत आहेत. त्यानंच बनवलेत." झालं. तिथे पास्टर काय बोलणार? त्यांनी गीत सुरू केलं. कुठे अडलं की हा माणूस गीत सुरू करतो.

२८ सप्टेंबर, शनिवार

धागे आणायच्या निमित्तानं चर्चवरून गेले. दार उघडं होतं. ती फरशी पुसत होती. एक फरशी पुसायची, बाकाला धरून उठायचं, पुढे सरकायचं, पुन्हा बसायचं. केझिया बसायची त्या बाकाखाली आली तेव्हा बराच वेळ तिथेच राहिली.

मला वाटलं होतं मजा वाटेल. वाटलीच. पण घरी आल्यावर भात तसाच झाकून ठेवला. उन्हानं असेल.

१ ऑक्टोबर, मंगळवार

रविवारसाठी शब्द लिहून पाठ केले. खोडून खोडून पान फाटलं. आता असे आहेत:

"ही जीभ माझ्या मंदिरात खोटं बोलली आहे, परमेश्वर म्हणतो. हिनं एका निर्दोष मुलीला जिवंतपणी पुरलं. आज हिनं सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं, नाही तर मी ही जीभ टाळ्याला चिकटवीन."

मोठे पास्टर समोर, तीन गावांच्या मंडळ्या समोर. ती कबूल झाली तर केझियाचं नाव धुऊन निघेल. नाही झाली तरी तिची जीभ कायमची बंद, कारण बंद केली असेल तिच्याच जिभेनं. ज्यानं खड्डा खणला त्यालाच त्यात ढकलण्यासारखं सुख नाही. देव मला क्षमा करो. नाही केली तरी चालेल, रविवार होऊ दे.

६ ऑक्टोबर, रविवार

घरी येऊन झगासुद्धा बदलला नाही. आधी लिहिते.

चारला सुरुवात झाली. चर्च ठासून भरलेलं, खिडक्यांतून माणसं. बेचाळीस जांभळे झगे आणि वर मंचावर मोठे पास्टर, रुमालानं मान पुसत. तिसऱ्या गीतानंतर झुलेइदे पुढे आली आणि तिनं दोन्ही हात सरळ वर केले. मी बघतच राहिले. काखा तिनं उसवल्या होत्या आणि आत कसल्या तरी पांढऱ्या कापडाचा तुकडा जोडला होता, हाताच्या टाक्यांनी. मला एका शब्दानं बोलली नव्हती.

ती बोलायला लागली. मी शेजारी जाऊन उभी राहिले. ती थांबल्यावर मी माझं पाठ केलेलं म्हणून टाकलं, शब्द न शब्द. पोटातली ऊब, गुडघे, सगळं होतं. 'टाळ्याला चिकटवीन' म्हणताना तर माझे डोळे भरून आले.

 

झुलेइदे खाली कोसळेल असं मला वाटलं. तिनं बाकाला धरलं आणि म्हणाली, "खरं आहे."

मग तिनं सांगितलं. "गेल्या वर्षी याच रविवारी मला जीभ आलीच नव्हती. पास्टर कानाशी येऊन म्हणाले, सिस्टर, पाहुणे बसलेत, मंडळी थंड दिसतेय. मी तोंड उघडलं, आत काही नाही. मला लाज वाटली. बावीस वर्षांचं दान, आणि आज भांडं रिकामं. म्हणून मी नुसते आवाज काढले. माझी आजी कोंबड्यांना बोलवायची ना, दाणे टाकताना, ते आवाज. भरभर, उलटेसुलटे. देवाच्या घरात मी कोंबड्यांना बोलावलं. आणि त्यानंतर त्या पोरीचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. वर्षभर मला घास गेला नाही."

कोणीतरी फिसकन हसलं, कोणीतरी रडलं. मोठ्या पास्टरांचा रुमाल मानेवरच राहिला. पास्टर एलिएझेरांनी गीत सुरू केलं.

गीत संपल्यावर तिथल्या तिथे निकाल: झुलेइदेला सहा महिने शिस्त, शेवटचा बाक. ती जाऊन बसली. मी मंचाजवळ उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मला नाचावंसं वाटलं.

कोंबड्या! माझ्या पोरीचा जन्म मातीत घातला तो कोंबड्यांच्या हाकेनं! केझियाला आवाजी निरोप पाठवला: "बाळा, झुलेइदेनं सगळ्यांसमोर कबूल केलं. सगळं खोटं होतं. तुझी आई जिंकली. घरी ये."

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी नेउझा आली. ही जुसारा ताडाच्या फळांचा रस विकते आणि रसाबरोबर गावाच्या बातम्या फुकट देते. झग्याची बाही सैल करून हवी होती, ते निमित्त.

"काय बाई कालचा रविवार! कोंबड्या काय! मी तर रात्रभर हसले." मग थांबली. "पण सिस्टर दाल्वा, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"ती कोंबड्यांना बोलवत होती, तर तुम्ही अर्थ कशाचा सांगितलात?"

मी म्हणाले, "देव गाढवाच्या तोंडूनही बोलला आहे. बायबल वाचत जा जरा."

"गाढवाच्या तोंडून, हो. पण ते गाढव खरंच बोललं होतं ना?" नेउझा बोटं मोजायला लागली. "बघा हं. तो संदेश देवाचा असेल, तर केझिया पापी. देवाचा नसेल, तर..." तिनं दुसरं बोट धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलली. "जाऊ दे. रस आंबेल माझा."

उचलली जीभ लावली टाळ्याला! त्या बाईला अक्कल नाही. बाही मुद्दाम आणखी घट्ट केली.

संध्याकाळ झाली. अजून ते दुसरं बोट डोळ्यांसमोरून जात नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

केझियाचा फोन आला.

जेवण झालं होतं, भांडी घासत होते. हात पुसायलाही थांबले नाही. अकरा महिन्यांनी आवाज ऐकला तर तो मोठ्या बाईचा झालेला.

"आई."

"बाळा! ऐकलंस ना? कबूल केलं तिनं! सगळ्यांसमोर! शेवटच्या बाकावर बसवली! तुझं नाव..."

"ऐकलं. तीनदा ऐकलं." मग म्हणाली, "आई, कोंबड्यांना बोलावल्यावर त्यात नदी कुठून आली?"

मी म्हणाले, "तिनं पाळत ठेवली होती तुझ्यावर."

"झुलेइदेमावशीनं? त्या गुडघ्यांनी? टेकडीवरून नदीवर उतरून?" ती हसली नाही. "त्या शनिवारी तू मला विचारलंस, काठ ओला कसा? मी म्हटलं, कपडे धुतले. तू म्हणालीस, नदीवर जाणाऱ्यांचं मला सांगू नकोस. आठवतं?"

"मी अर्थ सांगत होते, केझिया. मी फक्त..."

"मी तिसऱ्या बाकावर होते. मावशीचं बोलणं कोणाला कळत होतं? मला तरी नाही. मला जे ऐकू आलं ते तुझ्या आवाजात आलं. घाण भरून आणते, हे तुझ्या आवाजात. मी मावशीवर कधीच रागावले नाही."

मी विचारलं, मग तू नदीवर का जायचीस? वर्षभर हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, रोजच्या निरोपांतसुद्धा नाही. फोनवर विचारताना ते लक्षात आलं.

"पुलाखाली तेवढं नेट यायचं. नर्सिंगचा फॉर्म भरत होते, इथल्या शाळेचा. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तूही सोडून चाललीस."

म्हणालेच असते.

मग तिनं विचारलं, "रविवारी मावशीवर जे बोललीस ते देवाचं होतं?"

तिच्याशी खोटं बोलता आलं नाही. म्हणाले, "नाही. मी घरून पाठ करून नेलं होतं."

"बोलताना वेगळं वाटलं? म्हणजे, खऱ्या वेळी वाटतं त्याहून?"

नळातून पाणी वाहत होतं. मी बंद केला. "नाही," मी म्हणाले, "अगदी तसंच वाटलं."

 ती म्हणाली, "हे मला सांगून उपयोग नाही. तिथे सांग. जिथे उभी राहून ते बोललीस तिथेच. मग मला फोन कर. निरोप पाठवू नकोस, मी आता ऐकणार नाही."

१० ऑक्टोबर, गुरुवार

मशीनवर बसले, उठले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं मी झुलेइदेबद्दल म्हणत असे, मंडळीतली असून मंडळीतल्या पोरीवर उलटली म्हणून. गोत कोणाचं होतं?

बावीस वर्षांत मी किती अर्थ सांगितले असतील? कोणाला म्हटलं लग्न कर, कोणाला म्हटलं थांब. कोणाचं जहाज येतंय, कोणाच्या घरात शाप आहे. त्यांतलं एकही वेगळं काढता येत नाही. सगळ्यांना तीच ऊब होती.

सूड घ्यायचाच तर आता एकच माणूस उरलं. तिचं माप मला पाठ आहे. सोडणार नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

कोणी अन्यभाषेत बोललं नाही. प्रार्थना झाली आणि मी आपली उठून पुढे गेले. पास्टरांना वाटलं साक्ष द्यायची असेल. त्यांनी माइक दिला.

मी म्हणाले, "केझियावर आला तो संदेश देवाचा नव्हता."

एवढंच म्हणाले आणि पास्टरांनी माइक हातातून काढून घेतला. हळूच, हसत. "सिस्टर दमल्यात. सगळे झगे एकटीनं शिवले त्यांनी. आपण गाऊ या." ढोल सुरू झाला, गिटार सुरू झाली, मंडळी उभी राहिली. मी थांबले नाही. ओरडून सांगत राहिले. जेवढी मी ओरडले तेवढी ती मोठ्यानं गायली. पुढच्या बाकावरच्या एका पाहुण्या बाईनं दोन्ही हात वर केले आणि "ग्लोरिया! बोल प्रभू, बोल!" म्हणून रडायला लागली. मग तिच्या मागची. मग सगळी रांग. माझी शुद्ध रोजच्या बोलीतली कबुली आणि त्यांना वाटलं माझ्यावर आत्मा उतरलाय.

गीत थांबलं तेव्हा माझा घसा बसला होता. पास्टर माइकवर म्हणाले, "देवानं आपल्या दासीला आज नवी भाषा दिली. हालेलुया! पण बंधुभगिनींनो, आपला नियम सगळ्यांना ठाऊक आहे." त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. "अर्थ सांगणारी होती ती स्वतःच बोलली. तेव्हा अर्थ सांगणारं कोणी नाही, आणि मंडळी गप्प राहील."

हुशार माणूस. माझ्याच दोरीनं मला बांधलं.

"आहे," शेवटच्या बाकावरून आवाज आला. "माझ्याकडे आहे अर्थ."

झुलेइदे उठत होती. शिस्तीतल्या माणसानं तोंड उघडायचं नसतं. पास्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला अजून पावणेसहा महिने..."

"वाढवा की आणखी सहा," ती म्हणाली आणि बाक धरत धरत पुढे आली. दर बाकाला थांबत होती. कोणाची तिला अडवायची छाती झाली नाही. माझ्या शेजारी, माझ्या जागी उभी राहिली. धापा टाकत होती. माइक तिनं मागितला नाही.

"मी मागे ढोलापासून लांब होते, आणि कान माझे धड आहेत. दाल्वा म्हणाली: केझियावरचा संदेश देवाचा नव्हता. तो माझा होता. पोरीच्या परकराचा काठ ओला मी पाहिला, राग मला आला, शब्द मी जुळवले आणि देवाच्या तोंडी घातले. पोरगी निर्दोष होती. ती नर्सिंगचा फॉर्म भरायला जात होती. वर्षभर मी झुलेइदेला दोष दिला. गेल्या रविवारी झुलेइदेवर बोलले तेही माझंच, घरून पाठ केलेलं. फरशी धुवायला मीच लावली." इथे ती थांबली. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. "आणि कॉफीसुद्धा," ती हळू म्हणाली, "तिनंच बंद केली."

शब्दाला शब्द. एकही वाढवला नाही, एकही गाळला नाही. पास्टरांना गीत सुचेना. ती पाहुणी बाई हात खाली घेऊन आपली पर्स आवरायला लागली.

बाहेर कोणी माझ्याजवळ आलं नाही. नेउझासुद्धा लांबून गेली. मी पायरीवर बसले. झुलेइदे आली आणि न विचारता शेजारी बसली, गुडघ्यांना शिव्या देत.

"एकवीस दिवस, दाल्वा," ती म्हणाली. "एकवीस दिवस मी लोकांच्या कपांवरची वाफ हुंगली."

मी म्हणाले, "मला क्षमा कर."

"नाही करणार. इतक्यात तरी नाही. आधी पुरती रागावून घेऊ दे." थोड्या वेळानं म्हणाली, "पोरीला फोन केलास?"

"आता करते."

"कर. पण मी काय म्हणाले ते सांग. तू म्हणालीस ते नको सांगूस. तुझ्या तोंडचं ती आता कशाला खरं धरेल?"

मी फोन लावला. पलीकडे केझियानं उचलला, "आई?" म्हणाली. मी फोन झुलेइदेच्या हातात दिला.